बर्लिनमधली चौदा चालींची बरोबरी

विचारलंय की रुय लोपेझ या सुरुवातीत काळ्याकडून बर्लिन बचाव (तिसऱ्या चालीला घोडा एफ६) खेळल्यावर समोरच्याने तीनदा तीच स्थिती आणून अर्धा गुण घेतला, तर काळ्याचं चुकलं कुठे? कुठेच नाही. ही बरोबरी पांढऱ्याच्या खिशात असते.

१. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट बी५ घोडा एफ६ ४. कॅसलिंग घोडा×ई४ ५. डी४ घोडा डी६. इथे ६. उंट×सी६ खेळलं की वजीर उतरतात आणि लांबलचक अंतिम डाव सुरू होतो. २००० साली लंडनच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत कास्पारोव्हने क्रामनिकविरुद्ध चार डावांत याच वाटेने डोकं आपटलं, चारही बरोबरीत.

तुमच्या डावात ६. डी×ई५ झालं: घोडा×बी५ ७. ए४ घोडा बी५ वरून डी४ ८. घोडा×डी४ घोडा×डी४ ९. वजीर×डी४ डी५ १०. ई×डी६ (एन पासां, म्हणजे दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारून जाताना मारणं) वजीर×डी६. उंटाने मारलं असतं तर जी७ गेलं असतं. मग ११. वजीर ई४ शह, वजीर ई६ १२. वजीर डी४ वजीर डी६, आणि पुन्हा तेच. १२. वजीर डी४ नंतर धमकी हत्ती ई१ ची आहे, वजीरच अडकतो. उंट ई७ ने आड आलात तर जी७ चं प्यादं जातं. ११ व्या चालीला उंट ई६ ने शह अडवलात तर बी७ जातं. पांढऱ्यालाही वजीर उतरवण्यात मजा नाही, कारण काळ्याकडे उंटांची जोडी राहते.

तीच स्थिती तीनदा आली का हे मोजताना गल्लत होते. चाली नाही, स्थिती मोजायची, आणि खेळायची पाळीही त्याच बाजूची हवी. इथे ती १०, १२ आणि १४ व्या चालीनंतर येते. दावा काळ्याने करायचा तर '१४. ... वजीर डी६' नोंदपत्रिकेवर लिहायचं, पटावर खेळायचं नाही, आणि पंचांना सांगायचं. आधी खेळलात की हक्क समोरच्याचा. दावा चुकला तर क्लासिकलमध्ये (लांब वेळेच्या डावांत) त्याला दोन मिनिटं जादा मिळतात. तीस चालींआधी बरोबरीचा प्रस्ताव नको असा नियम असलेल्या स्पर्धेतही साधारणपणे ही वाट उघडीच असते, म्हणून तर ती इतकी दिसते.

काळ्याकडून जिंकायचंच असेल तर पाचव्या चालीलाच फाटा घ्या: ५. ... उंट ई७ ६. वजीर ई२ घोडा डी६ ७. उंट×सी६ बी×सी६ ८. डी×ई५ घोडा बी७. घोडा काही काळ कोपऱ्यात बसतो, प्यादीही विस्कटतात, पण वजीर पटावर राहतात.