बारावीला आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या गणितात (एम-वन, एम-टू) चांगले मार्क होते, पण दुसऱ्या वर्षाला, म्हणजे एसईला, डिस्क्रीट मॅथ (सेट, लॉजिक, काउंटिंग, ग्राफ) डोक्यावरून जातंय. अभ्यास कसा करू? बारावीचं पुन्हा काढू का?

मी एसई कॉम्प्युटरच्या मुलांना हा विषय शिकवतो आणि दर ऑगस्टला हेच ऐकतो. तुमचं गणित कच्चं नाही. एम-वन, एम-टूमध्ये प्रकार ओळखला की पुढच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. डिस्क्रीटमध्ये व्याख्या वाचायची आणि 'असंच का?' हे चार ओळींत पटवून द्यायचं. ही सवय बारावीपर्यंत कुणी लावलेली नसते.

म्हणून व्याख्या घोकू नका, खोटी पाडायला बघा. रिकामा सेट प्रत्येक सेटचा सबसेट असतो म्हणतात. हे खोटं ठरवायचं तर रिकाम्या सेटमधला असा एक घटक दाखवावा लागेल, जो दुसऱ्या सेटमध्ये नाही. आणणार कुठून? खोटं पाडता येत नाही, म्हणजे खरं. इम्प्लिकेशनच्या, म्हणजे 'अमुक तर तमुक' अशा विधानाच्या, ट्रुथ टेबलमधल्या (खऱ्याखोट्याच्या तक्त्यातल्या) शेवटच्या दोन ओळी, जिथे 'अमुक'च खोटं असतं, विचित्र वाटतात ना, त्याही याच कारणाने खऱ्या. 'पाऊस आला तर मॅच रद्द' असं कुणी म्हणालं आणि पाऊस आलाच नाही, तर मॅच होवो न होवो, त्याला खोटारडा म्हणता येत नाही.

इंडक्शनला (सगळ्यात लहानासाठी खरं, आणि लहानावरून पुढच्या मोठ्यासाठी खरं, म्हणून सगळ्यांसाठी खरं) मात्र भरपूर वेळ द्या. पेपरात बेरजेची सूत्रं येतात. ती बीजगणिताच्या कसरतीने सुटतात आणि इंडक्शन समजल्याचा भास होतो. त्याऐवजी आलेखाच्या कागदावर ८ × ८ चा चौरस आखा आणि कुठलंही एक घर काळं करा. उरलेली ६३ घरं तीन-तीन घरांच्या एल आकाराच्या २१ तुकड्यांनी झाकायची आहेत. काळं घर कुठेही असो, हे जमतंच. का? २ × २ मध्ये एक घर काळं केलं की उरतो तोच एक तुकडा. आता मोठ्या चौरसाचे चार सारखे भाग करा. काळं घर एका भागात आहे, बाकी तीन भाग पूर्ण आहेत. बरोबर मधोमध एक तुकडा असा ठेवा की त्या तिन्ही भागांचं कोपऱ्यातलं एकेक घर झाकलं जाईल. झालं! आता चारही भागांत एकेक घर गेलेलं आहे, म्हणजे तोच प्रश्न ४ × ४ साठी, आणि तिथून २ × २ साठी. कागदावर जमलं की याचंच रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणारं, फंक्शन लिहा. प्रूफ आणि कोड शेजारी ठेवलेत तर सांगाडा एकच दिसेल. डेटा स्ट्रक्चर्सला रिकर्शन अडत असेल तर तेही इथेच सुटतं.

काउंटिंगमध्ये सूत्र नंतर, यादी आधी. १० सारखे लाडू ३ मुलांत किती प्रकारे वाटता येतील, एखाद्याला एकही नाही मिळाला तरी चालेल? आधी ३ लाडू, २ मुलं: ४ प्रकार. मग ३ लाडू, ३ मुलं: १०. मूळ प्रश्नाचं उत्तर ६६ येतं, ते फॉर लूप लावून तपासा. (भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत अंकपाश नावाचं प्रकरणच आहे. शंकराच्या दहा हातांतल्या दहा आयुधांची अदलाबदल केली तर किती मूर्ती होतील? ३६,२८,८००. तिथेच विष्णूच्या चार हातांचाही प्रश्न आहे, उत्तर २४. तुम्ही विष्णूपासून सुरू करा.)

ग्राफ थिअरी (ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा) बहुतेकांना आवडते. कोनिग्सबर्ग शहराचे चार भूभाग ठिपके आणि सात पूल रेषा म्हणून स्वतः काढा आणि प्रत्येक ठिपक्याची डिग्री, म्हणजे त्याला किती रेषा मिळतात ते, मोजा: ५, ३, ३, ३, सगळ्या विषम. गणितज्ञ ऑयलरने १७३६ मध्ये जे पकडलं ते लगेच दिसेल: प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल फिरता येत नाहीत.

पुस्तक म्हणाल तर रोझेन यांचं 'डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स अँड इट्स अॅप्लिकेशन्स'. जाडजूड आहे, पहिल्या पानापासून वाचत बसू नका. विषम क्रमांकाच्या प्रश्नांची उत्तरं मागे आहेत, ते प्रश्न सोडवा. एमआयटीचा 'मॅथेमॅटिक्स फॉर कॉम्प्युटर सायन्स' कोर्स व्हिडिओंसह फुकट आहे. अख्खं युनिट एका बैठकीत उरकणारे वन-शॉट व्हिडिओ पासिंगपुरते ठीक, पण ते बघून प्रूफ लिहायला हात वळत नाही. त्यापेक्षा स्वतः लिहिलेलं प्रूफ रूममेटला वाचायला द्या. तो जिथे अडेल, तिथे बहुधा तुम्ही एक पायरी गाळलेली असते. मागच्या वर्षांचे पेपर शेवटच्या दोन आठवड्यांत.

आणि बारावीचं पुन्हा काढायची गरज नाही. घातांक, लॉग आणि सिग्मा चालत असेल तर बास.