पहिलीला कुठे घालावं: गावातली झेडपी की तालुक्याची इंग्लिश मीडियम?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी जूनमध्ये पहिलीला जाणार. गावातली जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत, पट ३१, शिक्षक दोन. दुसरी तालुक्याची इंग्लिश मीडियम, व्हॅनने १४ किलोमीटर. मिस्टरांचा ओढा तिकडे, तुमचं मन इकडे. मी ८ वर्षं खासगी शाळेत शिकवलं आणि गेली १७ वर्षं झेडपीत आहे, म्हणून मोकळेपणाने सांगते.

खासगीत माझ्याकडे दुसरीचा वर्ग होता. वह्या बघत राहाव्यात अशा. कर्सिव्ह अक्षर, एकेक उत्तर बरोबर आणि ४३ वह्यांत तेच वाक्य, कारण ते मीच फळ्यावर लिहून दिलेलं असायचं. एकदा एका मुलीला विचारलं, 'द फार्मर हार्वेस्ट्स द क्रॉप' म्हणजे काय गं? तिने ते वाक्य न अडखळता म्हणून दाखवलं. परत विचारलं, परत तेच. तिच्या घरी तेव्हा ज्वारीची काढणी चालू होती, आदल्याच दिवशी ती आईबरोबर भाकरी घेऊन रानात गेली होती. पोरगी हुशार होती हो, पण ती भाषा तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. घरात इंग्रजी नसलं की हे होतं, आणि मार्क चांगले पडत असतात म्हणून आईबापांना चौथी-पाचवीपर्यंत पत्ता लागत नाही.

झेडपीचंही झाकून ठेवत नाही. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाने ६० पटापर्यंत दोनच शिक्षक, म्हणजे चार इयत्ता दोघांत. एका ओळीला गणितं घालून द्यायची, दुसरीचं वाचन घ्यायचं. त्यातला एक जण बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या कामाला गेला की चारही वर्ग उरलेल्याच्या गळ्यात. शिक्षक मनापासून करणारा असेल तर पहिलीचं पोर तिसरीचं ऐकत ऐकत पुढे जातं. नसेल तर वर्षं फुकट जातात. परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, त्याचा मला फार अभिमान वाटला. पण तुमच्या मुलीला तुमच्या गावचे गुरुजी मिळणार आहेत, आणि बघायचं ते त्यांना.

म्हणून मधल्या सुट्टीआधी एखाद्या साध्या दिवशी शाळेत जा. तिसरीतलं कुठलंही मूल तुम्ही निवडा, पुढे केलेलं नको. न शिकवलेला धडा वाचायला द्या आणि काय वाचलं ते त्याच्या शब्दांत सांगायला सांगा. हातचा घेऊन करायची एक वजाबाकी घाला. इंग्लिश मीडियममध्येही हेच करू द्या म्हणावं. नाही म्हणाले तर मी तरी तिथे मूल घालणार नाही.

तिथे बोर्डावर 'सीबीएसई पॅटर्न' लिहिलंय का तेही बघा. पॅटर्न म्हणजे संलग्नता, म्हणजे बोर्डाची मान्यता नव्हे, संलग्नता क्रमांक मागा. शिक्षिका किती टिकतात विचारा. मी खासगीत असताना शेजारच्या तुकडीला एका वर्षात तीन बाई झाल्या होत्या, तिसऱ्या बाई आल्या तेव्हा मुलं नावंसुद्धा विचारेनात. फी आठवीची विचारा, व्हॅन आणि पुस्तकं धरून. खासगी शाळेत दुर्बल आणि वंचित घटकांसाठी राखीव असलेल्या आरटीईच्या २५ टक्के जागांत बसत असाल तर अर्जाची तारीख चुकवू नका. तो प्रवेश सुरुवातीच्या वर्गालाच मिळतो आणि शिक्षण आठवीपर्यंतच मोफत. नववीपासून फी तुमची.

माझं मत विचाराल तर गावातल्या मुलांचं वाचन बरं निघालं तर चौथीपर्यंत तिला गावातच ठेवा, पाचवीला सेमी इंग्लिश असलेलं हायस्कूल बघा. सहा वर्षांच्या जिवाचा रोज २८ किलोमीटरचा प्रवासही वाचेल. वाचन कच्चं निघालं तर शाळा व्यवस्थापन समितीत शिरा. तिथे ७५ टक्के सदस्य पालकच असतात. तरीही हललं नाही तर मिस्टरांचं ऐका, त्यात कमीपणा मानू नका.

जाऊन आलात की तिसरीच्या मुलाने काय वाचलं ते मला नक्की कळवा.