पांढरा रस्सा व्हेज असतो का?

या वेळी पत्रं बरीच आलीयेत पण एकाच पत्राने निम्मं पान खाल्लंय, त्यामुळे बाकीच्यांनी सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, आम्ही सहा जण इंजिनिअरिंगपासूनचे मित्र. मागच्या महिन्यात पुण्याहून गाडी काढून कोल्हापूरला गेलो, अंबाबाईचं दर्शन झालं, रंकाळ्यावर बसलो आणि रात्री एका खानावळीत जेवायला गेलो. अगदी साधी जागा, सात-आठ टेबलं, भिंतीवर रेट लिहिलेला बोर्ड, स्टीलची ताटं. चार मटण थाळी, एक चिकन आणि एक व्हेज, वर दोन प्लेट सुक्कं मटण, ते आम्ही मटणवाल्या चौघांनीच खाल्लं. व्हेजवाल्याच्या घरात आजोबांपासून माळ आहे, तो अंडंसुद्धा खात नाही. वाढणारा पोरगा पांढऱ्या रश्शाची बादली घेऊन आला तेव्हा हा म्हणाला, अरे हे नारळाचं दूध दिसतंय, मला पण वाढ. पोराने वाढलं. हा दोन वाट्या प्यायला, वर म्हणतो कढीसारखं लागतंय, एक नंबर! आमच्यातल्या दोघांना माहीत होतं की तो मटणाचा रस्सा असतो, त्यातला एक मी. आम्ही एकमेकांकडे बघून हसू दाबत बसलो. नंतर बिल २८७७ आलं, ते सहा जणांत सरळ भागलं, प्रत्येकी ४८० धरून जीपे झालं, त्यानेही काही न बोलता दिले. आता तो ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगतोय की कोल्हापूरला गेलात तर व्हेजवाल्यांनी पांढरा रस्सा प्यायलाच पाहिजे. त्याला सांगू का? की आता झालं ते झालं? (हडपसरहून एक वाचक)

उत्तर : अरे बाबा. सांग. आजच सांग. तो दुसऱ्या कुठल्या माळकऱ्याला पाजायच्या आत सांग.

आधी तुझ्या मित्राची काही चूक नाही हे बोलते, कारण त्या रश्शाकडे बघून भलेभले फसतात. मी कोल्हापूरचीच, मंगळवार पेठेत वाढलेली, आमच्याकडे बाहेरगावची सून आली की पहिला गोंधळ हाच. पांढरा दिसतो म्हणजे सौम्य, सौम्य म्हणजे नारळाचा आणि नारळाचा म्हणजे व्हेज, असं डोकं आपोआप चालतं. पण त्या वाटीत नारळ उशिरा येतो, पहिलं येतं मटण. मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण लावून थोड्या कांद्यावर परततात, मग पाणी घालून शिजवतात, हाडं-नळ्यांसकट. त्या पाण्याला आमच्याकडे अळणी म्हणतात. नावात अळणी असलं तरी मीठ असतं हं त्यात, फक्त चटणी पडलेली नसते. घरात लहान पोरं, बाळंतीण, आजारी माणूस आणि तालमीतला पैलवान हे अळणी वाटीवाटीने पितात, ज्या गावात शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचं कुस्त्यांचं मैदान उभं केलं त्या गावात पैलवानाचा खुराक हा काही गमतीचा विषय नाही. तर हे अळणी दोन पातेल्यांत वाटलं जातं. एकात भाजलेलं सुकं खोबरं, कांदा, तीळ, खसखस यांचं वाटण आणि कांदा-लसूण चटणी पडली की तो तांबडा. दुसऱ्यात खसखस, काजू, तीळ यांचं वाटण, नारळाचं दूध आणि लवंग, वेलदोडा, दालचिनी, मिरी असा खडा मसाला पडला की पांढरा. म्हणजे रंग दोन पण जीव एकच, आणि तो हाडातला. तुझ्या मित्राला जी चव "एक नंबर" लागली ना, ती नारळाची नव्हतीच.

बऱ्याच खानावळीत अंडा थाळीबरोबर येणारा रस्साही याच अळणीचा असतो, हेही लक्षात ठेव. "मी फक्त अंडं खातो" म्हणणारे कितीतरी लोक वर्षानुवर्षं मजेत भुरके मारतायत.

वाढप्याला मी फार दोष देणार नाही. आठ टेबलांवर दोन पोरं, एका हातात बादली, दुसऱ्या हातात ओगराळं, समोरून वाटी पुढे आली की तो वाढतो. खरं तर त्याने ताट बघायला पाहिजे होतं, बघितलं नाही. पण त्याला तुझ्या मित्राच्या घरातली माळ माहीत नव्हती आणि तुला माहीत होती. मला पत्रात खटकलं ते "हसू दाबत बसलो" हे. पहिली वाटी घाईत गेली असं आपण मानू. दुसरी वाटी भरताना तुझ्या तोंडाला काय झालं होतं?

सांगायचं कसं ते ऐक. ग्रुपवर टाकू नकोस, तिथे पहिला मेसेज पडायच्या आत चार हसणाऱ्या स्मायली पडतील. एकट्याला गाठ, चहा घ्यायला ने आणि सरळ सांग की तो मटणाचा रस्सा होता आणि मला तेव्हा माहीत होतं. दुसरं वाक्य गिळू नकोस, "आम्हालाही नंतर कळलं" असली मखलाशी केलीस तर तो दुसरा मित्र कधी ना कधी बोलून जाणारच आहे. तो चिडेल, चिडू दे. दोन महिने बोलणार नाही कदाचित. घरी सांगायचं की नाही, आळंदीला जाऊन यायचं की काय करायचं ते त्याचं तो बघेल, तू त्यात "अरे एवढं काय त्यात" असं अजिबात म्हणायचं नाही, कारण एवढं काय त्यात हे ठरवायचा अधिकार वाटी ज्याची त्याचा.

आता पैसे. तू बिलाचा फोटो जोडलायस म्हणून मी बसून हिशोब केला. चार मटण थाळ्या ३८० ने १५२०, चिकन २८०, व्हेज १८०, एक्स्ट्रा सुक्कं दोन प्लेट ३२० ने ६४०, पाण्याच्या सहा बाटल्या २० ने १२०. झाले २७४०, वर ५ टक्के १३७, एकूण २८७७. बरोबर. सुक्कं तुम्ही चौघांनीच खाल्लं असं तूच लिहिलंयस. मग व्हेजवाल्याचे थाळी आणि पाणी मिळून २००, टॅक्स धरून २१०. चिकनवाल्याचे ३१५. तुम्हा चौघांचे प्रत्येकी ५८८. म्हणजे त्या माळकऱ्याने २७० रुपये जास्त भरले, तुमच्या सुक्क्यासाठी! त्याला मटण पाजलं आणि वर त्याच्याकडून मटणाचे पैसेही घेतले, कमाल आहे तुमची. चिकनवाल्याचे पण १६५ निघतात, ते विसरू नका.

नेहमी एकत्र जेवणाऱ्या मित्रांत सरळ भागाकार चालतो, मी स्वतः तेच करते, दर वेळेला कॅल्क्युलेटर काढणारा मित्र नकोसाच होतो. पण थाळीच्या जागी तसं करायचं कारणच नसतं. प्रत्येकाच्या ताटाची किंमत भिंतीवर लिहिलेली असते, ताटाचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे आणि वरचं मागवलेलं खाणाऱ्यांत वाटायचं, दोन मिनिटांचं काम आहे. आणि पुढच्या वेळेला व्हेजवाला बरोबर असेल तर बसायच्या आधी गल्ल्यावर एकच प्रश्न विचारायचा, व्हेजच्या रश्शात अळणी पडतं का. हा शब्द वापरला की समोरचा नीट उत्तर देतो, "व्हेज आहे ना?" विचारलं तर हो हो म्हणून मोकळा होतो. झुणका, भरलं वांगं, खर्डा, भाकरी असं मिळालं तर उत्तम. मेनूवर व्हेज कोल्हापुरी दिसली तर ती पाहुण्यांसाठी आहे असं समजायचं, आमच्या घरी मी ती कधी बघितली नाही.

प्रश्न : खानावळीत हाताने लिहिलेल्या साध्या चिठ्ठीवर ५ टक्के जीएसटी लावला, नंबर बिंबर काही नाही. द्यायचा का? आणि सर्व्हिस चार्ज? (सांगलीहून)

उत्तर : जीएसटी घेणाऱ्याच्या बिलावर १५ आकडी-अक्षरी जीएसटी नंबर पाहिजेच, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने होते. साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के, म्हणजे अडीच केंद्राचे आणि अडीच राज्याचे. नंबर नसेल तर टॅक्स मागायचा प्रश्नच येत नाही. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे एकूण विक्रीवर ठरावीक टक्के टॅक्स भरणाऱ्या छोट्या हॉटेलवाल्यालाही गिऱ्हाइकाकडून वेगळा टॅक्स घेता येत नाही, तो त्याने आपल्या खिशातून भरायचा असतो आणि तसं बिलावर लिहायचंही असतं. शांतपणे नंबर दाखवा म्हणायचं, बहुतेक वेळा तेवढ्यावर ती ओळ खोडली जाते. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही ते उचलून धरलं. ऐकलंच नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. वाढप्याच्या हातावर वीस-तीस रुपये ठेवायचे ते मात्र ठेवा हो, त्याचा याच्याशी संबंध नाही.

प्रश्न : घरी केलेला पांढरा रस्सा दर वेळेला फाटतो. काय चुकतं? (डोंबिवलीहून)

उत्तर : उकळता. नारळाचं दूध पडल्यावर रश्शाला खळाखळा उकळी आली की फाटलाच समजा. आधी अळणीत वाटण घालून ते नीट शिजवून घ्या, मग गॅस बारीक करा, दूध अगदी शेवटी घाला आणि ढवळत राहा, कडेला बारीक बुडबुडे दिसले की बंद. परत गरम करतानाही तसंच. पाहुण्यांना उशीर झाला म्हणून चार वेळा गरम केलेला रस्सा फाटला तर त्याला मी काय करू, पाहुण्यांना फोन करा.

प्रश्न : तांबडा रस्सा प्यायल्यावर तोंडाची आग झाली, दोन ग्लास गार पाणी प्यालो तरी थांबेना. (नाशिकहून)

उत्तर : थांबणार नाहीच. मिरचीतला तिखट पदार्थ, कॅप्सेसिन, पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतो, त्यामुळे पाण्याने तो फक्त तोंडभर पसरतो. दही-कांदा खा, दूध प्या, किंवा त्याच ताटातला पांढरा रस्सा घ्या (खात असाल तर!). आणि नुसत्या लाल रंगाला घाबरू नका, रंग बराचसा ब्याडगी मिरचीचा असतो आणि ती तशी गरीब. खरं काम संकेश्वरी किंवा लवंगी करते, आणि डंकावर चटणी कुटून घेताना कुणी कुठली किती घातली ते खाल्ल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न : अनलिमिटेड रस्सा म्हणजे नक्की किती वाट्या? (साताऱ्याहून)

उत्तर : आमच्या धाकट्या काकांच्या अकरा. बाराव्याला वाढपी लांबूनच वळून गेला.