दुसऱ्याला द्यायची सायकल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या वडिलांची काळी, दांडीची, २२ इंची सायकल गावभागातील घराच्या मागच्या पडवीत उभी आहे. ऑगस्ट २०१९च्या महापुरात ती हँडलपर्यंत पाण्यात होती आणि त्यानंतर कोणी ती चालवलेली नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा मुलगा यंदा नववीत गेला असून त्याची शाळा घरापासून चार किलोमीटरवर आहे. त्याला ही सायकल नीट करून द्यावी, असे मनात आहे. टायर बदलून आणि रंग मारून भागेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : टायर आणि रंग एवढ्यावर भागणार नाही, पण सायकल वाचण्याजोगी असेल तर ती अवश्य वाचवावी. एक गोष्ट मात्र आधीच मनाशी ठरवावी लागेल : दुसऱ्याला द्यायची सायकल स्वतःच्या सायकलपेक्षा अधिक कसून तपासली पाहिजे. आपल्या सायकलचा ब्रेक सैल झाला तर आपण त्याच दिवशी दुकान गाठतो. भेट मिळालेल्या सायकलचा ब्रेक लागत नाही, हे सांगायला तो मुलगा तुमच्या दारात येणार नाही. संकोचाने तो ती तशीच चालवत राहील.

म्हणून खर्चाला हात घालण्यापूर्वी मुलाला बोलावून दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे करा. दोन्ही पाऊले जमिनीला पूर्ण टेकून दांडीच्या वर निदान दोन-तीन बोटांची जागा उरली, तरच ही सायकल त्याची आहे. ‘पुढे उंची वाढेल’ या हिशेबाने मोठी सायकल देऊ नये, कारण रहदारीत एकदम थांबायची वेळ आली की पाय टेकत नाहीत आणि मुलगा सायकलसकट आडवा होतो.

पुरात राहिलेल्या सायकलचा सांगाडा आतून गंजतो, त्यामुळे वरचा रंग शाबूत दिसला तरी त्यावर विसंबू नये. सीट नळीसकट काढून सायकल उलटी करा आणि हलके ठोका. कृष्णेचा गाळ सीटच्या नळीतून उतरून तळाशी, म्हणजे पायडलचा आस बसतो त्या आडव्या नळीत (दुकानात तिला बीबी म्हणतात) साठलेला असतो व तिथेच गंज सर्वांत खोल जातो. लहान पान्याने प्रत्येक नळीवर टिचकी मारत गेले की चांगली नळी खणखणीत वाजते आणि सडलेली बद्द आवाज देते. नळ्यांचे सांधे आणि चिमट्याचा (पुढचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याचा) वरचा जोड भर उजेडात पाहा. तिथे केसाएवढी चीर दिसली किंवा नळीला भोक आढळले, तर तुमच्या ओळखीच्या वेल्डरने कितीही भरवसा दिला तरी ती जोडून देऊ नका. चिमटा तुटला तर सावरायला क्षणही मिळत नाही.

सांगाडा उत्तम निघाला तर मग दोन्ही हब (चाकांचे मधले भाग), बीबी आणि हँडलचे कप (ज्यांत पोलादी गोळ्या, म्हणजे छर्रे, फिरतात त्या वाट्या) पूर्ण उघडावे लागतील. नुसते वरून तेल सोडल्याने आतला गाळ अधिकच पसरतो. पायडलचे क्रँक (दांडे) कॉटर पिनने (आडव्या खिळीने) अडकवलेले असतात आणि पुरानंतर त्या पिना हमखास जाम होतात. नट दोन-तीन आटे सैल करून पिनेच्या कडेने डिझेल किंवा गंज सोडवणारे तेल सोडा, रात्रभर जाऊ द्या, नंतर क्रँकला खालून लोखंडी पाइपचा आधार देऊन नेमका एक जोरकस घाव घाला. आधाराशिवाय ठोकत राहिल्यास पीन वाकते आणि घावांचा सगळा मार छर्ऱ्यांवर बसतो. परत बसवताना दोन्ही पिनांची तोंडे विरुद्ध दिशेला हवीत, नाहीतर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत.

छर्रे जुने ठेवू नयेत. मागच्या हबमध्ये प्रत्येक बाजूला पाव इंचाचे नऊ आणि पुढच्यात तीन सोळांश इंचाचे दहा असतात. ही इतकी स्वस्त वस्तू आहे की तिथे काटकसर करण्यात अर्थ नाही. कोनावर (आसावरच्या निमुळत्या नटावर) आणि कपात बोट फिरवून खड्डे लागतात का, ते पाहा आणि खड्डा लागल्यास तोही बदला. ग्रीस भरून कोन आवळल्यावर चाक उचलून धरा : व्हॉल्व्हची बाजू सावकाश खाली येऊन थांबली आणि चाक आडवे हलवल्यावर खडखडले नाही, तर जोडणी बरोबर झाली. चेन आणि फ्रीव्हील (मागच्या चाकावरची दातेरी चकती) पुराच्या पाण्यानंतर नवेच घ्यावे, आणि दोन्ही एकदम घ्यावे. नवी चेन जुन्या झिजलेल्या दात्यांवरून घसरते.

सर्वांत अधिक पैसे रिमवर खर्च करावे लागले तर हात आखडू नका. या सायकलचे ब्रेक सळ्यांचे असतात आणि त्यांचे रबर रिमच्या आतल्या बाजूला घासते. तिथला चकाकता मुलामा उडून गंज चढला असेल, तर नवे रबरही थोड्याच दिवसांत खरवडून जाते. स्टीलच्या रिमवर पावसात ब्रेकची पकड फार कमी होते. त्यात जुने, दगड झालेले रबर असेल तर पकड जवळजवळ उरतच नाही. नव्या रिमवर तारा भरून घेताना जुन्या पद्धतीच्या या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० तारा लागतात, हे दुकानात आधी सांगा, म्हणजे भलतीच रिम गळ्यात पडणार नाही. टायर २८ × १½ मापाचे घ्या आणि चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढल्यावर ब्रेक दोन्ही बाजूंना सारखा लागतो ना, ते स्वतः चालवून पाहा.

रंगाविषयी माझे मत ठाम आहे : देऊ नका. वडिलांच्या सायकलचा मूळ काळा रंग जिथे टिकला आहे तिथे तेलाच्या फडक्याने पुसून ठेवा, आणि जिथे गंज आहे तेवढाच भाग घासून रेडऑक्साइड लावा. जाड रंगाखाली चीर झाकली जाते आणि पुढच्या कारागिराला ती दिसत नाही. त्या पैशातून घंटी, मागच्या मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर आणि एक दिवा घ्या. गळिताच्या हंगामात तिन्हीसांजेला उसाच्या ट्रॉल्यांमधून घरी येणाऱ्या मुलाला त्यांचीच गरज आहे.

प्रश्न : मुलीची २६ इंची लेडीज सायकल ओळखीतल्या एका मुलीला द्यायची आहे. तिला रोज पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे चढून यावे लागते. गिअर बसवून द्यावेत का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : साध्या सायकलला गिअर बसवायचे तर मागचे चाकच बदलावे लागते, आणि नंतरची देखभालही त्या मुलीच्या घरावर पडते. त्यापेक्षा मागचे फ्रीव्हील बदला. बहुधा १८ दात्यांचे असेल. त्याजागी २२ दात्यांचे घातले तर चढावर पायांना लागणारा जोर सुमारे १८ टक्क्यांनी कमी होतो. सपाट रस्त्यावर वेग थोडा घटेल, परंतु साताऱ्यात ती तडजोड योग्यच आहे. चेन त्या मानाने एक इंच वाढवावी लागेल.

जी मुलगी सकाळी चढते, तीच संध्याकाळी उतरते. म्हणून दोन्ही ब्रेकच्या केबल बाहेरच्या नळीसकट नव्या घाला. टायर घेताना केवळ ‘२६ इंची’ म्हणू नका. २६ × १⅜, २६ × १½ आणि २६ × १.९५ ही तिन्ही मापे वेगवेगळ्या रिमची असून एकाचे टायर दुसऱ्यावर बसत नाही. जुन्या टायरच्या कडेवरचा आकडा टिपून न्या.

प्रश्न : दुरुस्तीचा खर्च नव्या सायकलच्या निम्म्यावर जात असेल तर काय करावे? आणि देताना काही लिहून द्यावे का?
— एक वाचक, विटा

उत्तर : चिमटा आणि दोन्ही रिम खराब असतील, तर तेवढ्या पैशात भर घालून साधी नवी सायकल घ्यावी आणि जुनीचे चांगले भाग सायकलच्या दुकानात द्यावेत, तिथे ते दुसऱ्या कोणाच्या तरी कामी येतात. केवळ टायर, चेन, छर्रे आणि ब्रेक एवढेच काम असेल, तर निम्मा खर्चही वाया जात नाही.

लिहून मात्र जरूर द्या. सीटच्या नळीजवळ किंवा बीबीच्या खाली सांगाड्यावर नंबर ठोकलेला असतो. तो घालून ‘ही सायकल अमुक तारखेला अमुक यांना कायमची दिली आहे’ असे दोन ओळींत सहीनिशी लिहावे आणि मूळ बिल असेल तर तेही जोडावे. सायकल चोरीला गेली किंवा कोणी हटकले, तर गरीब घरातल्या मुलाला ती आपलीच आहे हे सांगायला हा कागद लागतो. कुलपाच्या दोन्ही किल्ल्याही त्याच वेळी हातात द्या, एकही स्वतःकडे ठेवू नका.