विनिपेगला मशीनच्या कामावर येताय, तर आदल्या संध्याकाळचं काम शिकून या

तुम्ही लिहिलंय की कराडला बारा वर्षं जेसीबी आणि मिनी पोकलेनची दुरुस्ती केली. आता कॅनडातल्या विनिपेगच्या एका बर्फ काढणाऱ्या ठेकेदाराकडून बोलावणं आलंय, सोबत वहिनी आणि आठ वर्षांचा मुलगा येणार, तर थंडीत इथली छोटी मशिनं कशी तयार ठेवतात आणि निघण्याआधी काय बघावं, असं विचारलंय. व्हिसा, फी, फॉर्म हे सगळं सरकारी साइटवर आहे, त्यात मी शिरत नाही. मी सातारा जिल्ह्यातलाच, इथं आठ हिवाळे काढले. तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यातून गेला नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

जानेवारीत इथली सरासरीच उणे 16 च्या आसपास असते आणि काही रात्री उणे 35 च्याही खाली जातं. आपल्याकडे डिसेंबरात खोबरेल तेल बाटलीत थिजतं ना, तसं इथं डिझेल थिजतं. त्यातलं मेण सुटतं आणि फिल्टर चोंदतो. हिवाळ्याचं डिझेल पंपावर वेगळं मिळतं, पण मशीनच्या टाकीत उन्हाळ्यातलं उरलेलं असेल तर ते आधी संपवा. काम संपलं की टाकी काठोकाठ भरा. रिकाम्या जागेत ओल धरते आणि तेच पाणी लाइनमध्ये गोठतं. पाणी गाळायच्या फिल्टरचा नट सैल करून रोज थोडं डिझेल सोडून द्यायचं.

तुमच्या हाताला 15 डब्ल्यू 40 इंजिन ऑइलची सवय असेल. ते इथं चालत नाही. माझ्या पहिल्या हिवाळ्यात एका जुन्या बॉबकॅटमध्ये, म्हणजे छोट्या लोडरमध्ये, तेच राहून गेलं होतं. उणे 31 ला डिपस्टिक बाहेर काढली तर ऑइलचा थेंबच पडेना, काकवीसारखी तार धरून लोंबत राहिलं. सेल्फ मारला तर नुसता हुंकार. इथं सिंथेटिक 5 डब्ल्यू 40, फारच थंडी असेल तर 0 डब्ल्यू 40 वापरतात. बॅटरीची ताकद उणे 18 लाच जवळपास निम्मी होते, म्हणून ऑक्टोबरातच तपासून घ्या. कूलंट अर्धं पाणी आणि अर्धं ग्लायकॉल, म्हणजे गोठू न देणारं द्रव, असेल तर साधारण उणे 37 पर्यंत तगतं. नजरेने ठरवू नका, मापून बघा. ग्लो प्लगच्या, म्हणजे आत तापणारी कांडी असलेल्या इंजिनात, सुरू होत नाही म्हणून ईथरचा फवारा कधीच मारू नका, भडका उडून पिस्टन फुटू शकतो.

इंजिनाला ब्लॉक हीटर असतो, म्हणजे कूलंट गरम ठेवणारी विजेची कांडी. निघायच्या तीन-चार तास आधी ती चालू पाहिजे. वायर लावून भागत नाही, वीज खरोखर येतेय का ते बघून मगच घरी जायचं. मशीन सुरू झालं की दहा-पंधरा मिनिटं मंद चालू द्या, मग बूम आणि बकेट हळूहळू, अर्धीच वरखाली करा. थंड हायड्रॉलिक ऑइल जाड असतं आणि तेल अडवणारे रबरी सील कडक झालेले असतात. तापायच्या आत जोर लावला की सील गेलाच म्हणून समजा.

आणि मशीन चाकांऐवजी ज्यांवर चालतं ते रबरी पट्टे. हे मी चूक करून शिकलो. एका संध्याकाळी चिखलात काम करून मशीन तसंच उभं केलं, थकलो होतो. सकाळी रोलर आणि पट्टा मिळून एकच दगड झाला होता. पहारीने तो चिखल फोडायला सहा तास लागले. घाईत हातमोजा काढून लोखंडाला बोटं लावली, तर कातडी तिथंच चिकटली. तेव्हापासून कितीही उशीर होवो, पट्टे खरवडून साफ करतो आणि मशीन फळ्यांवर उभं करतो.

आता कागदांचं. तुमच्या गॅरेजमालकांकडून अनुभवाचं पत्र निघण्याआधीच घ्या, आणि नीट घ्या: कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, आठवड्याला किती तास, काय काय काम केलं, त्यांचा फोन, सही, शिक्का. माझं नऊ वर्षांचं काम एका ओळीत होतं, ‘कामगार प्रामाणिक व मेहनती आहे.’ इथं रेड सीलच्या, म्हणजे कॅनडाभर चालणाऱ्या कारागिरीच्या दाखल्याच्या परीक्षेला बसायला तासांचा हिशेब लागतो. माझा अर्ज तीनदा परत आला. तोवर मालक वारले, गॅरेज विकलं गेलं, त्यांचा मुलगा फोन उचलेना. पाचव्या वर्षी परीक्षा झाली. तोपर्यंत मी इंजिन खोलत होतो आणि पगार हेल्परचा घेत होतो. त्या चार वर्षांचा राग अजून उतरलेला नाही.

एकटेपणाचं विचारलंय. त्याचं फार मनावर घेऊ नका. कोथिंबीर मिळते, गणपती बसतो, फोन आहेच.

पण बर्फ रात्री-अपरात्री पडतो, आणि दुकानांची आवारं सकाळी सातच्या आत मोकळी लागतात. फोन रात्री दोनला येतो. आम्ही आलो तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती. शाळेने पहिल्या भेटीला बोलावलं त्या दिवशी मी सोळा तास मशीनवर होतो. बायको एकटी गेली. तिला इंग्रजी वाचता यायचं, बोलायला धीर होत नव्हता. समोरच्या बाई भराभर बोलत गेल्या, ही हो हो म्हणत गेली आणि एका कागदावर सही केली. मी ओल्या बुटांनी धावत पोचलो तेव्हा वर्ग बंद झाले होते. त्या सहीने मुलगी भाषेच्या वेगळ्या गटात गेली, आणि गणितालाही मागच्या गटात. तिला तीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ होते. दोन वर्षं ती एक आकडी बेरजा करत बसली. एकदा जेवताना म्हणाली, “बाबा, मला येतं, पण मला कुणी विचारतच नाही.” मी तेव्हाही शाळेत गेलो नाही, कारण हिवाळा चालू होता. बायकोला मात्र बोललो, सही का केलीस म्हणून. ते बोलायला नको होतं. चूक तिची नव्हती.

मुलगी आता सतरा वर्षांची आहे, गणितात पुढे आहे, विषय काढला की म्हणते सोडा ना बाबा. माझ्याकडून सुटत नाही. वायर लावली की वीज येतेय का हे मी रोज रात्री बघतो, आणि तिच्या शाळेच्या वहीत दोन वर्षं डोकावलो नाही.

तेव्हा ठेकेदाराशी पगाराचं बोलताना हेही बोलून घ्या, की पहिल्या महिन्यात शाळेसाठी एक दिवस सुट्टी मिळेल. मुलाचं तिथलं प्रगतिपुस्तक इंग्रजीत करून आणा, गणिताची वही सोबत आणा, दाखवायला. शाळेत दुभाष्या मागता येतो, आम्हाला ते ठाऊकच नव्हतं. आणि वहिनींना एकटं पाठवू नका. तारीख कळली की मला लिहा. तुम्हाला मशीन सोडता आलं नाही, तर वहिनींबरोबर मी आणि बायको जाऊ.