वोरोनिन बॉडीवर काम सुरू करताना

न्यूरोस्पोरा ही बुरशी हातात घेतली आहेस, तर पहिल्याच आठवड्यात जनुकांच्या याद्या पाठ करत बसू नकोस. आधी कवकतंतू ब्लेडने काप आणि लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघ. कापलेल्या कप्प्यातला जीवरस बाहेर येतो, पण शेजारचा कप्पा वाचतो, कारण दोन कप्प्यांमधल्या पडद्यातल्या छिद्रात वोरोनिन बॉडी, म्हणजे पेशीतला एक छोटा घट्ट कण, बुचासारखी जाऊन बसते. ही बॉडी घडवणारं हेक्स-१ प्रथिन नसलेल्या उत्परिवर्तित वाणात मात्र जीवरस वाहतच राहतो. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघच, फरक डोळ्यांत भरतो.

ही बॉडी पेरॉक्सिझोमपासूनच, म्हणजे पेशीतल्या पटलाने वेढलेल्या एका छोट्या पिशवीपासून, तयार होते. हेक्स-१ प्रथिन पेरॉक्सिझोमच्या आत शिरलं की त्याचे रेणू एकमेकांना जुळून घट्ट स्फटिक बनतो. मग पटलातलं डब्ल्यूएससी प्रथिन त्या स्फटिकाभोवती गोळा होतं, तिथे पटलाला फुगवटा येतो आणि तो भाग वोरोनिन बॉडी म्हणून सुटा होतो. लीशिन प्रथिन तिला पेशीच्या कडेला बांधून ठेवतं.

एक गोष्ट विसरू नकोस: ही निर्मिती मुख्यतः वाढत्या टोकाच्या कप्प्यात होते. त्यामुळे नमुना वसाहतीच्या कडेचाच घे. मधल्या जुन्या भागात बांधून ठेवलेल्या तयार बॉडी सापडतील, पण त्या घडताना दिसणार नाहीत. अ‍ॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीमध्ये त्या पडद्याजवळच बांधलेल्या असतात, म्हणून तिथले निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावू नकोस.