ग्लेन गूल्ड ऐकायला सुरुवात करताय? मग एवढं बघा

अरे वा, कॅनडाचा पियानोवादक गूल्ड, त्याच्यावर वाद घालायचाय म्हणताय, घाला की, पण आधी थोडं ऐका. नवीन माणूस हमखास त्याच्या मोत्सार्टपासून सुरू करतो, तिथे त्याने मुद्दाम खोड्या काढल्यात, मग ‘हा वेडाच आहे’ म्हणून विषय बंद!

बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सपासून (एकाच सुरावटीची वेगवेगळी रूपं) सुरू करा. त्याची दोन स्टुडिओ रेकॉर्डिंग्ज आहेत, १९५५ आणि १९८१. दोन्हीतला फक्त सुरुवातीचा आरिया, म्हणजे ती मूळ सुरावट, लागोपाठ लावा, पहिल्यात दोन मिनिटांच्या आत संपतो, दुसऱ्यात तीन मिनिटांच्या वर जातो, माणूस तोच, स्वर तेच. मला स्वतःला १९८१चा जास्त आवडतो, पण तुम्ही माझं ऐकून ठरवू नका.

सुरुवातीला होणाऱ्या चुका:
- फक्त स्पीडवरून भांडणं. त्याचा डावा हात ऐका, प्रत्येक ओळ सुटी, स्वच्छ, स्वर लांबवणारं पेडल जवळपास नाहीच. खरी गंमत तिथे आहे.
- वाजवताना त्याचं गुणगुणणं आणि त्याची ती बुटकी खुर्ची यावर अर्धा वाद घालवणं. गुणगुणणं ऐकू येतं, हो, मलाही आधी वैताग यायचा.
- दुसरा कुणी न ऐकताच मत देणं. तेच बाख पियानोवादक आंद्राश शिफचं ऐका, मग बोला.

१९६२च्या मैफलीतला त्याचा ब्राम्सचा कॉन्चेर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्राची रचना) आणि त्याआधीचं कंडक्टर बर्नस्टाइनचं भाषण सध्या राहू द्या, त्यात शिरलात की महिनाभर बाहेर येत नाही. आरिया ऐकून झाला की सांगा काय वाटलं ते.